टाकीतल्या कोरलची छाटणी: ब्लेड चालवण्याआधी आणि नंतर

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला छाटणी शिकवायला कुणी जात नाही. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, किती डोळे ठेवायचे, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट कधी लावायची, झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. पण त्याच्याच हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी असली आणि त्यातलं लेदर कोरल (चामड्यासारख्या मऊ अंगाचं प्रवाळ) वाढून शेजाऱ्यांवर सावली धरायला लागलं, की हाच माणूस कात्री घेऊन काचेसमोर नुसता उभा राहतो. वेल छाटली तर फुटते हे माहीत असतं. इथे मात्र जिवंत प्राणी कापायचा असतो, आणि तो मेला तर?

कापल्यामुळे सहसा मरत नाही. छाटणीनंतर टाकीत काही मेलंच, तर बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं: कापताना पाण्यात जे सुटलं ते तसंच राहिलं. आणि माणसाला त्रास होतो तोही ब्लेडपेक्षा त्या सुटलेल्या पदार्थांमुळे जास्त. म्हणून या लेखात प्रत्यक्ष कापण्याला जागा कमी आहे आणि आधीच्या-नंतरच्या सांभाळण्याला जास्त.

आधी, तुकडा का जगतो ते बघू. आपण ज्याला एक कोरल म्हणतो ती बहुधा शेकडो पॉलिपची, म्हणजे चिमुकल्या प्राण्यांची, वसाहत असते. प्रत्येक पॉलिपला स्वतःचं तोंड आणि स्वतःचं पोट. सगळे एका मांसल पडद्याने एकमेकांना जोडलेले. टाकीत जी कोरल लोकप्रिय आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. त्यामुळे वसाहतीचा तुकडा वेगळा झाला तरी तोंड, पोट आणि स्वयंपाकी हे सगळं त्याच्यासोबत जातं. समुद्रात वादळाने फांदी तुटते, खडकाच्या खाचेत अडकते आणि तिथेच धरते. बीज नाही, मीलन नाही. नवी वसाहत म्हणजे जुन्या वसाहतीचीच हुबेहूब प्रत. टाकीत आपण हेच हाताने करतो. छंद करणारे त्याला फ्रॅगिंग म्हणतात आणि तुकड्याला फ्रॅग.

द्राक्षाशी तुलना इथपर्यंतच चालते. छाटलेल्या वेलीच्या काडीतून पाणी गळतं, ते मातीत जातं. शेजारच्या ओळीला त्याचं सुतक नसतं. टाकीत सगळे एकाच पाण्यात बसलेले असतात. एकाला जखम झाली की तिचा चिकट स्राव, तिची रसायनं, सगळं सगळ्यांच्या तोंडाशी जातं.

कापण्याआधी कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण टाळता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून कठीण सांगाड्याची सगळी कोरल, सगळी काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सगळे सी फॅन आहेत. म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. गुन्हा सिद्ध झाला तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद. दुकानदार सांगतो, ‘इम्पोर्टेड आहे, चालतं.’ पण वस्तू तुमच्या घरात सापडली तर ती कायदेशीर आहे हे दाखवण्याची जबाबदारी तुमच्यावर येते, दुकानदारावर नाही. इंटरनेटवर दिसणाऱ्या परदेशी टाक्यांमधली फांद्यांची रंगीत ॲक्रोपोरा, हातोडीच्या टोकांची युफिलिया ही सगळी या यादीत मोडतात. त्यांच्या छाटणीचे व्हिडिओ कितीही सुंदर असले तरी ते आपल्यासाठी नाहीत.

सुट्टीत घाट उतरून मालवणला स्नॉर्केलिंगला जाणाऱ्यांनाही हेच लागू. तिथला समुद्राचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. पाण्याखालचा ‘छोटासा तुकडा’ खिशात घालून सांगलीला आणणं ही आठवण नाही, गुन्हा आहे. किनाऱ्यावर पडलेला मेलेला पांढरा तुकडासुद्धा उचलू नका.

झोअँथिड, मश्रूम, लेदर, झेनिया आणि केनिया ट्री ही मऊ अंगाची मंडळी या यादीत नाहीत. हाडासारखा सलग सांगाडा यांना नसतो. लेदरच्या मांसात चुन्याचे सूक्ष्म काटे असतात, त्यामुळे ते कापताना किंचित कुरकुरतं, एवढंच. पुढचं सगळं यांच्यापुरतंच. घेताना पावती घ्या, त्यावर जातीचं नाव लिहून घ्या आणि ती जपून ठेवा.

छाटायचं का आणि कधी

वाढ झाली म्हणून आनंद होतो, पण टाकी समुद्राएवढी नसते. लेदरची टोपी ताटाएवढी झाली की खाली अंधार पडतो आणि तिथल्या कोरलमधलं शेवाळ उपाशी मरतं. झेनिया मागच्या काचेवर चढून ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर नेणाऱ्या वाटेच्या) जाळीत शिरतो. दाट झुडपामागे पाणी फिरत नाही, तिथे माशांची घाण साचते आणि कुजते. शिवाय मऊ कोरल दिसतात तेवढी गरीब नसतात. लेदर आपल्या अंगात टर्पिन वर्गातली रसायनं बनवतं आणि ती पाण्यात सोडून शेजाऱ्यांची वाढ रोखतं. दोन कोरल एकमेकांना टेकायला लागली असतील तर वाट बघू नका.

वेळ मात्र निवडा. एप्रिल-मेमध्ये सांगलीचा पारा ४० च्या घरात जातो. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसेल तर टाकीचं पाणी २९-३० अंशांवर जातं, कोरल आधीच ताणाखाली असतं, गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. त्या दिवसांत छाटणी नको. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपल्याकडे सगळ्यात सोयीचा. ज्या दिवशी महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा मेसेज पाठवलाय, तो दिवसही टाळा. छाटणीनंतरचे पहिले २४ तास पंप, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) आणि वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंखा) अखंड चालले पाहिजेत.

पाण्याचे आकडे आदर्श असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं. विशिष्ट घनता १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश, अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याचा क्षारपणा, ८-९ डीकेएच (तो मोजायचं एकक). हे दोन-तीन आठवडे हललेलं नसेल तर पुढे जा. पाणी बदलायला लागणारं मिठाचं पाणी आदल्या दिवशीच कालवून, पंप लावून ठेवा. आणि ते आरओच्या पाण्यातच कालवा. बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ज्यांनी एकदा मोजलाय त्यांना कारण सांगायला नको.

विषाची गोष्ट

आता सगळ्यात महत्त्वाचं. झोअँथिड म्हणजे छोट्या रंगीत बटणांची चटई. स्वस्त, काटक, भराभर वाढणारी. म्हणूनच नवशिक्यांच्या टाकीत ती हमखास असते. आणि याच कुळातल्या काही जातींमध्ये, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असतं. प्राण्यांपासून मिळणाऱ्या सगळ्यात जहाल विषांपैकी ते एक.

हवाई बेटांवर माउईच्या हाना भागात एका खडकाळ डबक्यातलं ‘प्राणघातक शेवाळ’ स्थानिक लोकांना पिढ्यान्पिढ्या माहीत होतं. भाल्याच्या टोकाला ते लावायचे, असं सांगतात. ते शेवाळ नसून पॅलिथोआ निघालं. त्यातलं विष वेगळं काढल्याचं मूर आणि शॉयर या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये जाहीर केलं. रेणू इतका मोठा आणि गुंतागुंतीचा, की त्याची पूर्ण रचना उलगडायला १९८१ उजाडलं.

ते करतं काय? आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत ढकलणारा एक सूक्ष्म पंप असतो. पॅलिटॉक्सिन त्या पंपाला चिकटतं आणि त्याची दोन्ही दारं उघडी ठेवतं. मग सोडियम आत घुसतं, पोटॅशियम बाहेर गळतं, पेशीचा तोल जातो. स्नायू, हृदय, डोळ्याची बुबुळं, सगळीकडे हा पंप आहे. म्हणून लक्षणंही सगळीकडची: तोंडाला कडवट, धातूसारखी चव, ताप, थंडी, अंगदुखी, खोकला, धाप, त्वचेला बधिरपणा, डोळ्यांची भयंकर आग. काही वेळा ती लगेच दिसत नाहीत, काही तासांनी चढतात. उतारा नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात.

ही पुस्तकी भीती नाही. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या स्टीव्हन्टन गावात एका घरात टाकीतलं कोरल साफ करताना विष हवेत पसरलं. घरातले ६ जण आणि मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे ४ जवान, अशा १० जणांना रुग्णालयात न्यावं लागलं. कुणी काही खाल्लं नव्हतं, कुणाच्या हाताला कापलंही नव्हतं. फक्त श्वास घेतला होता.

यातून पहिला नियम निघतो, आणि तो अपवादाविना पाळायचा: झोअँथिड असलेला खडक कधीही उकळायचा नाही, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, ब्रशने खसाखसा घासायचा नाही, प्रेशरच्या पाण्याने धुवायचा नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. उकळल्याने हे विष नष्ट होत नाही. वाफेबरोबर उडालेल्या थेंबांतून ते फुफ्फुसात जातं. ‘दगड एकदा उकळून काढला की सगळं मरतं’ हा गोड्या पाण्याच्या टाकीतला जुना सल्ला इथे जीवघेणा ठरू शकतो.

सगळ्या झोअँथिडमध्ये विष सारखं नसतं. कित्येकांत नगण्य असतं. पण नुसतं बघून कोणत्यात किती हे सांगता येत नाही. जाड, तपकिरी-हिरवे, वाळूचे कण अंगात रुतलेले पॉलिप दिसले तर जास्त संशय घ्या. आणि ‘मी इतकी वर्षं उघड्या हाताने करतो, काही होत नाही’ असं म्हणणारा भेटला तर त्याचं कौतुक करा, अनुकरण नको.

हत्यारं आणि जागा

मिरजेच्या जवळ राहण्याचा इथे फायदा आहे. दवाखान्यांचं गाव, त्यामुळे सर्जिकलची दुकानं भरपूर. ११ नंबरचं टोकदार ब्लेड आणि त्याला बसणारं ३ नंबरचं हँडल मागितलं की काउंटरवरचे काका चष्म्यावरून बघतात.

“कुठल्या हॉस्पिटलचे?”

“हॉस्पिटल नाही काका, घरी माशांची टाकी आहे.”

“मग? माशाचं ऑपरेशन करता की काय?”

हो म्हणायचं आणि त्याच दुकानातून नायट्राइलचे हातमोजे घ्यायचे. पातळ प्लॅस्टिकचे नकोत, ते बोटाच्या टोकाशी फाटतात. डोळ्यांसाठी बाजूने बंद असलेला गॉगल. नेहमीचा चष्मा पुरत नाही. कापताना झोअँथिड पिचकारी मारतात आणि ती नेमकी वरच्या दिशेने येते. कॉन्टॅक्ट लेन्स लावून हे काम करू नका. हाताला ताजी जखम असेल तर पुढच्या रविवारी करा.

गोंद म्हणजे सायनोॲक्रिलेट, आपल्या बोलीत फेविक्विकच्या जातीचा. पण पातळ नको, जेल हवा. पातळ गोंद पाण्यात पसरतो आणि पॉलिपवर पांढरा पापुद्रा चढवतो. जेल जागच्या जागी राहतो आणि ओलाव्यानेच घट्ट होतो, म्हणून पाण्याखाली चालतो. नळजोडणीची पुट्टी मात्र वापरू नका, तिच्यात काय-काय असतं ते आपल्याला माहीत नसतं. मत्स्यालयासाठीच बनवलेली मिळते.

जागा स्वयंपाकघराची नको. ओट्यावर नको, बेसिनमध्ये नको आणि आईच्या भाजीच्या पाटावर तर अजिबात नको. गॅलरीत किंवा मागच्या पडवीत, सावलीत, दोन जुने टब घ्या. दोन्हीत टाकीचंच पाणी. एक कापायचा, दुसरा विसळायचा. लहान मुलं, कुत्रं, मांजर दाराच्या आत. वापरलेले टब, ब्लेड, चिमटे यांवर मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे पुन्हा कुणी त्यात भाजी धुणार नाही.

आता कापायचं

झोअँथिडचा खडक टबात पूर्ण पाण्याखाली ठेवा. बोटाने हलकेच टपली मारली की पॉलिप मिटतात. मिटू द्या, थांबा. मिटल्यावर दोन पॉलिपमधली चटई नीट दिसायला लागते. ब्लेड त्या फटीत उभं घाला आणि चौकोन आखा: तीन-चार पॉलिप येतील एवढा. मग ब्लेड जवळजवळ आडवं करून खडकाच्या पृष्ठावरून चटईखाली सरकवा. घाई केली तर पॉलिपच चिरला जातो आणि पांढुरका रस सुटतो. हळू गेलात तर तुकडा तळाच्या पातळ साईसकट सुटून येतो. तो साईचा थर महत्त्वाचा, कारण पुढे तोच नव्या प्लगवर (फ्रॅग चिकटवायच्या छोट्या बैठकीवर) पसरणार असतो. सगळं पाण्याखालीच करा. हवेत उचलून कापलं की पिचकारीला मोकळं रान. छिन्नी-हातोडीने खडक फोडायची पद्धतही आहे, पण तिच्यात शिंतोडे फार उडतात. मी ती सुचवणार नाही.

सुटलेला तुकडा दुसऱ्या टबात दोनदा हलवून विसळा. तळाची बाजू टिश्यूने टिपा, पॉलिपची बाजू ओलीच राहू द्या. प्लगवर वाटाण्याएवढा जेल, त्यावर तुकडा, हलका दाब, आणि लगेच पाण्यात. जेलवर पांढरी साय धरली की तो बसला असं समजा.

मश्रूमची तऱ्हा वेगळी. ते एकेकटं पॉलिप असतं, पसरट थाळीसारखं, मधोमध तोंड. निसर्गात ते खडकावरून सरकताना पायाचा लचका मागे सोडतं आणि त्या लचक्यातून नवं मश्रूम उगवतं. आपण थाळी तोंडातून आरपार उभी कापायची, दोन किंवा चार भाग. प्रत्येक भागाला तोंडाचा थोडा अंश मिळाला की भरून यायला सोपं जातं. दुसरा मार्ग याहून आळशी आणि म्हणून मला जास्त आवडणारा: खडकावरच थाळी देठातून कापून घ्या, देठ तिथेच राहू द्या. थाळी नवीन पाय काढते, देठ नवी थाळी काढतं.

अडचण पुढे येते. मश्रूम इतकं बुळबुळीत, की गोंद धरतच नाही. चिकटवलेलं सकाळी भलतीकडेच सापडतं. उपाय: प्लॅस्टिकच्या उथळ वाटीत खडकाचा चुरा भरा, त्यावर तुकडे सोडा, वर नेटचं कापड रबराने बांधा आणि वाटी मंद प्रवाहाच्या कोपऱ्यात ठेवा. आठ-पंधरा दिवसांत तुकडे स्वतःहून कुठल्या ना कुठल्या खड्याला धरतात. मग तो खडा गोंदाने प्लगवर चिकटवायचा. जिवंत मांसाला गोंद लावण्यापेक्षा दगडाला लावणं केव्हाही बरं.

लेदरला सगळे घाबरतात, आणि खरं म्हणजे तेच सगळ्यात निबर. टोपीच्या खाली देठातून एकाच सरळ, धारदार कापाने वरचा भाग वेगळा करा. कात्रीने चावत-चावत कापू नका. चेंगरलेली कड कुजते. उरलेला बुंधा काही आठवडे केविलवाणा दिसेल, मग त्याच्या माथ्यावर नवी टोपी धरेल. काढलेल्या टोपीच्या फोडी करता येतात. इथेही गोंद टिकत नाही. फोडीच्या जाड भागातून प्लॅस्टिकची बारीक काडी आरपार घालून तिची दोन टोकं रबरबँडने खडकाला अडकवा, किंवा नेटच्या कापडात खडकासकट सैल गुंडाळा. सैलच, कारण आवळलेला दोरा लेदरला हळूहळू कापत जातो. धरायला एक-दोन आठवडे लागतात. मधल्या काळात लेदर मिटून बसलं आणि अंगावर मेणचट पापुद्रा चढला, तर घाबरू नका. ते एरवीही अधूनमधून असा थर टाकून देतं. वेव्हमेकरचा झोत थोडा त्याच्याकडे वळवा, पापुद्रा निघून जाईल.

केनिया ट्री स्वतःच फांद्या गाळतं, आपण फक्त वेचायच्या, पंपात जाण्याआधी. झेनियाजवळ एक खडा टेकवून ठेवा, तो त्यावर चालत जातो, मग मधला जोड कापा. बास.

छाटणीनंतर

एका दिवशी एकच जात छाटा. सगळ्या टाकीची हजामत एका रविवारी उरकली की सगळ्यांची रसायनं एकदमच पाण्यात येतात. कापण्याच्या टबातलं पाणी टाकीत परत ओतायचं नाही, एक भांडंसुद्धा नाही. त्याच दिवशी १०-१५ टक्के पाणी बदला, नवा ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातली रसायनं शोषणारा कोळसा) धुऊन घाला आणि दोन-तीन दिवसांनी तो बदला. लेदर छाटलं असेल तर कार्बन ऐच्छिक नाही. स्किमर एक-दोन दिवस वेड्यासारखा फेस काढेल. स्रावामुळे आणि गोंदामुळे तसं होतं. त्याचा कप लवकर भरतो, रात्री झोपण्याआधी एकदा बघा.

दोन गोष्टी बहुतेकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली उजेडाची. टोपी काढली की तिच्याखाली कित्येक महिने अंधारात राहिलेल्या कोरलवर एकदम भर प्रकाश पडतो. त्यांच्यातलं शेवाळ मंद उजेडाला सरावलेलं असतं. ते भाजतं, कोरल त्याला बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. मग आपण म्हणतो, कापल्याने शेजारचं मेलं. दिव्याची तीव्रता छाटणीच्या दिवशी बरीच खाली आणा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

दुसरी खताची. झेनियाचं भलं मोठं झुडूप पाण्यातली पोषकद्रव्यं रोज शोषत असतं. ते एकदम काढलं की जेवणारा गेला, पण वाढणारा तोच राहिला. नायट्रेट-फॉस्फेट चढतात आणि पंधरवड्यात खडकांवर हिरवी लव दिसायला लागते. मोठी छाटणी केली तर माशांचं खाणं थोडं आवरा आणि आठवड्याला चाचणी करा.

फ्रॅग मध्यम उजेडात, मध्यम प्रवाहात ठेवा. कापलेली कड एक-दोन दिवसांत मिटते. झोअँथिड उघडायला काही दिवस घेतात. एखादा तुकडा विरघळल्यासारखा, तपकिरी चिकट होऊन वास मारायला लागला तर दया न दाखवता बाहेर काढा. पोव्हिडोन आयोडीनचं डिप द्यायचं असेल, म्हणजे तुकडा त्यात थोडा वेळ बुडवायचा असेल, तर साधं द्रावण घ्या. ‘सर्जिकल स्क्रब’ लिहिलेल्या बाटलीत साबणासारखे पदार्थ असतात, ते कोरलला मारक.

कापण्याचा टब, ब्लेड, हातमोजे आणि उरलेले तुकडे यांवर ब्लीचचं पाणी: एक भाग घरगुती सोडियम हायपोक्लोराइट, नऊ भाग पाणी, किमान अर्धा तास. उकळीला न बधणारं पॅलिटॉक्सिन ब्लीचने नष्ट होतं. पण त्याच बादलीत संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरिन वायू सुटतो. ब्लेड उघडं कचऱ्यात टाकू नका. घंटागाडीवरच्या माणसाचे हात आठवा. खारं पाणी झाडांना नको.

आणि नको असलेलं कोरल रत्नागिरी-मालवणच्या समुद्रात ‘मोकळं’ सोडणं हा तर उपकार नव्हेच. झेनियाच्याच कुळातलं युनोमिया नावाचं मऊ कोरल व्हेनेझुएलाच्या मोचिमा राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात असंच टाक्यांच्या व्यापारातून पोचलं. आज तिथल्या मूळच्या प्रवाळांवर ते चादरीसारखं पसरलंय.

एवढं करूनही डोळ्यात थेंब गेलाच, तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं डोळा धुवा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जा. उद्यावर ढकलू नका. धाप, ताप, तोंडात कडू चव आली तर घरातल्या सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, खिडक्या उघडा, रुग्णालय गाठा. आपल्याकडच्या डॉक्टरांनी असा रुग्ण पाहिला असण्याची शक्यता कमी. म्हणून एका कागदावर ‘झोअँथिड कोरल, पॅलिटॉक्सिन’ एवढे शब्द आधीच लिहून टाकीच्या कपाटाला आतून चिकटवा. नुसतं ‘माशांची टाकी धुताना झालं’ म्हटलं तर ॲलर्जीची गोळी देऊन परत पाठवलं जाण्याची भीती आहे.

फ्रॅग रुजले की वाटायची हौस येते. चटई प्लगवर पसरायला लागेपर्यंत, निदान तीन आठवडे, कुणाला देऊ नका. ताजा कापलेला तुकडा प्रवासात हमखास खराब होतो. साताऱ्याच्या मित्राला पाठवायचा असेल तर पिशवीत एक तृतीयांश पाणी, बाकी हवा, दुहेरी गाठ आणि थर्माकोलचा डबा. लेदर आणि झोअँथिड एका पिशवीत घालू नका. एसटीच्या टपावर किंवा डिकीत नको, मांडीवर घेऊन जाणारा माणूस शोधा. पिशवीवर जातीचं नाव आणि कापल्याची तारीख लिहा, आणि झोअँथिड असेल तर खाली ठळक अक्षरात: हातमोजे घालूनच उघडा.